वरच्या खोलीतल्या अप्पलराजूस

किल्ली डावीकडे फिरव, अप्पलराजू.
उजवीकडे फिरवणारे तीन भाडेकरू
कुलूप फोडून राहिले.
भाडं पाच तारखेला. पाच म्हणजे पाच.
सहाला मी जिन्यात येऊन नुसता खोकतो.

पहिल्या रात्री झोप यायची नाही.
मालगाडी वळणावर आली की तावदान बोलतं,
मंग तांब्या, मंग तुझे दात.
पंधरा दिवसांत भुसावळ अंगात मुरेल.
मंग सुट्टीत घरी जाशील
आणि तठी शांततेनं दचकून उठशील.
आईला आधी सांगून ठेव.

लोक विचारतील, "काब्र?"
भांडण नाही ते.
"का बरं" आहे, घाईत घडी घातलेलं.

नळ नवव्या दिवशी. कधी अकराव्या.
गल्लीत बादल्या वाजल्या
की पँट शोधत बसू नको, लुंगीवर ये.
निळा ड्रम तुझा. नाव घाल त्यावर,
तुझ्याच लिपीत घाल. ती गोल अक्षरं
वाचता येत नाहीत म्हणून
कुणी पुसणारही नाही.

मे महिन्यात बारा ते पाच हे गाव आमचं नसतं.
रुमाल कानाला बांध, ऊन कानातून शिरतं.
खिशात कांदा ठेव. हसू नको.
गेल्या साली हसलेला एक ट्रेनी
यार्डातच आडवा झाला,
सलाईन चढताना कांदा मागत होता.

भरीत थंडीत. पऱ्हाटीच्या जाळावरचं.
गॅसवरचं कुणी वाढलं तर पोट बिघडलंय म्हण.
लग्नाचं बोलावणं अनोळखी माणूसही देईल, जा.
बट्टी मोडताना तूपवाला येतो,
त्याला "पुरे" म्हणून उपयोग नाही.
हात आडवा धरलास तर हातावर ओततो.

आणि पाहण्यासारखं काय, विचारत होतास.
शेवटच्या फलाटाच्या टोकाला जा, रात्री अकरानंतर,
जिथं सिमेंट संपून खडी लागते.
लाल, पिवळे, हिरवे दिवे,
मधून लोखंडाची गलबतं सरकत असतात,
कुणाच्या पोटात कोळसा, कुणाच्या केळी.
मी तरी या गावाला बंदरच म्हणतो.
पाणी तेवढं नाही.

चौतीस वर्षं होतो मी तिथं, शंटिंगला.
डब्यावर खडूनं लिहायचो: विशाखापट्टणम पोर्ट.
पोटफोड्या ष आधी जमायचा नाही,
मंग हात असा बसला
की रेशनच्या अर्जावरही तोच यायचा.
डबे रिकामे परत यायचे, तळाला तांबडी धूळ.
एकदा कोपऱ्यात शिंपला सापडला.
जिभेला लावून पाहिला, कुणी बघत नव्हतं.
खारट होता, की गंजाची चव होती,
कळलं नाही.
पुष्पानं तो तुळशीत ठेवला. अजून आहे,
उतरताना बघ.

पास मिळायचा दर साली.
हिचं माहेर मलकापूर. तिथवरच झिजला.

तर आता तू सांग. मी वही आणलीय.
स्टेशनापासून समुद्र किती लांब?
चालत होतं का,
की रिक्षावाला लुटतो?
चपला कुठं काढायच्या?
नेहेते आडनाव तुमच्याकडं कुणाला उच्चारता येईल का,
की नुसतं रमण सांगू?
नारळ कुणी हातात दिला तर घ्यायचा,
की पैसे विचारून घ्यायचा?
जहाज एवढं जवळून जातं म्हणतोस,
मग त्याला हात करतात का?
आम्ही गार्डाला करतो.

आणि ते परवा जिन्यात म्हणालास ते पुन्हा सांग, हळू,
लिहून घेतो:
पाणी तिथं दिवसातून दोनदा येतं.
दोनदा.
न चुकता, वेळ सांगून.

आणि कुणी ड्रम भरत नाही?